जर्नलबाहेरचं रसायनशास्त्र

सीओडीचं (सांडपाण्याच्या रासायनिक ऑक्सिजन मागणीचं) सॅम्पल एकदा रिफ्लक्सला लावलं की दोन तास त्याला हात लावायचा नसतो. फ्लास्कमध्ये सांडपाणी, मोजून घातलेलं पोटॅशियम डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं तीव्र सल्फ्युरिक आणि क्लोराइडला बांधून ठेवण्यासाठी मर्क्युरिक सल्फेट. डायजेस्टर दीडशे अंशांवर. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, ईटीपीला (सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) लागून असलेल्या खोलीवजा लॅबमध्ये, एक बावीस वर्षांचा अप्रेंटिस या दोन तासांत बीएस्सीचा अभ्यास करतो. ड्रॉवरमध्ये सॅम्पलच्या लेबलांखाली ऑरगॅनिकचं पुस्तक असतं. साहेब आत आले तर ड्रॉवर ढकलायचा, गेले की ओढायचा. दोन तासांनी फ्लास्क गार करून फेरॉइनचे थेंब टाकायचे, फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन करायचं, हिरवट निळ्यातून एकदम तांबूस तपकिरी रंग आला की ब्यूरेट बंद. रीडिंग रजिस्टरमध्ये जातं. ईटीपीच्या ऑपरेटरला फोन जातो. मग पुढचं सॅम्पल, पुढचे दोन तास.

हा मुलगा जव्हारकडचा. बारावी सायन्स झाल्यावर बोईसरला मावशीकडे आला, कारखान्यात चिकटला आणि मुक्त विद्यापीठातून बीएस्सीला बसला. कारखान्यात तो ‘लॅबोरेटरी असिस्टंट (केमिकल प्लांट)’ या ट्रेडचा नोंदणीकृत शिकाऊ आहे. हे मुद्दाम सांगायचं कारण, एमआयडीसीत ‘ट्रेनी’ नावाने फिरणारी जी पोरं दिसतात, त्यातली कित्येक कुठल्याच पोर्टलवर नोंदलेली नसतात. त्यांना ट्रेनी म्हणणं मालकाला सोयीचं असतं, इतकंच. याचा करार आहे, स्टायपेंड बँकेत जमा होतो, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. तरीही मी त्याला विचारलं की नेमका त्रास कशाचा, तेव्हा त्याने ना पैशाचं नाव घेतलं ना शिफ्टचं. म्हणाला, “सर, मी दिवसाला पाच-सहा टायट्रेशन करतो. वर्षभर करतोय. पण विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला मला दहा दिवस रजा टाकून जावं लागतं. तिथे काय करतो? टायट्रेशन.”

नोकरी करून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’ या पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, ते वर्ग सकाळी भरवून, म्हणजे दिवसा पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या मुलांना पदवी घेता यावी. पण कला आणि वाणिज्य शाखांना जे साधतं ते विज्ञानाला सहज साधत नाही, आणि रसायनशास्त्राला तर फारच कमी. इतिहासाचं पुस्तक विरार लोकलमध्ये उभ्याने वाचता येतं. ब्यूरेट लोकलमध्ये नेता येत नाही. प्रॅक्टिकलला हजेरी लागते, जर्नल लागतं, जर्नलवर सही-शिक्का लागतो, आणि प्रयोगशाळा चालते ती लॅब असिस्टंटच्या ड्युटीच्या वेळेत, म्हणजे नेमकी कारखान्याच्या फर्स्ट किंवा जनरल शिफ्टच्या वेळेत. साताऱ्याच्या मुलाने शेतात काम केलं आणि वर्गात संस्कृत शिकला तरी ती दोन वेगळी कामं होती. इथे मुलगा पोटासाठी करतो ते आणि पदवीसाठी करतो ते, काम एकच. फक्त एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी मोजलं जात नाही.

गंमत अशी की हे शास्त्र मुळात उमेदवारीतूनच वर आलं. ऑक्सिजन, क्लोरीन हाताळणारा स्वीडनचा शील वयाच्या चौदाव्या वर्षी गॉथेनबर्गच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवार म्हणून लागला आणि दुकानातल्या रसायनांवर रात्री प्रयोग करत राहिला. फॅरेडे तर बुकबाइंडरकडे उमेदवार होता. १८१२ मध्ये सर हम्फ्री डेव्हींच्या डोळ्यांना नायट्रोजन ट्रायक्लोराइडच्या स्फोटाने इजा झाली, लेखनिक म्हणून फॅरेडेला बोलावणं आलं आणि १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. साहेबाच्या अपघातामुळे शिकाऊची जागा निघावी ही रीत तेव्हापासूनची म्हणायची. विद्यापीठात प्रयोगशाळेला मानाची जागा मिळाली ती प्रामुख्याने लीबिगमुळे. १८२४ मध्ये तो गीसनला प्राध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने विश्लेषण करायला लावू लागला. तोही आधी एका औषधविक्रेत्याकडे काही महिने उमेदवारी करून आलेला. आपण कॉलेजात ज्याला ‘प्रॅक्टिकल’ म्हणतो ते या गीसनच्या प्रयोगशाळेचं खापरपणतू. म्हणजे दुकानातली उमेदवारी उचलून विद्यापीठात नेली ती रसायनशास्त्रानेच, आणि पुढच्या दोनशे वर्षांत विद्यापीठाला तिची ओळख राहिली नाही.

आता दोन लॅबमधला फरक. मी स्वतः क्यूसीत (गुणवत्ता नियंत्रणात) काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार.

कॉलेजात टायट्रेशनची तीन रीडिंगं एकसारखी यावी लागतात. १०.२, १०.२, १०.२. ती कशी येतात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक सायन्सवाल्याला ठाऊक आहे. पहिलं रीडिंग खरं, उरलेली दोन त्याची भावंडं. उत्तर आधीपासून माहीत असतं, कारण गेल्या वर्षीचं जर्नल होस्टेलात फिरत असतं. कारखान्यात उत्तर कुणालाच माहीत नसतं. ड्रायरमध्ये अडीचशे किलो माल पडलेला, सेंट्रिफ्यूजमध्ये पुढचा लोड अडकलेला, आणि मॉइश्चरची मर्यादा समजा ०.५ टक्के. कार्ल फिशरवर आकडा येतो ०.५८. लगेच प्रॉडक्शनचा फोन: “काय रे, आलं का मॉइश्चर?” या एका प्रश्नाला तोंड द्यायला कुठलाच अभ्यासक्रम शिकवत नाही.

बोईसरला मला एक विद्यार्थिनीही भेटली, टीवायची. सकाळी कॉलेज, दुपारनंतर एका बल्क ड्रग कारखान्याच्या क्यूसीत शिकाऊ. तिच्या आयुष्यातला पहिला ०.५८ पावसाळ्यात आला. कोकणपट्टीत जुलैच्या हवेत सॅम्पलची बाटली उघडी राहिली तरी पावडर पाणी ओढते, आणि कार्ल फिशर तर पाणीच मोजणार. तिच्या सीनियर मॅडमनी तिला ‘परत लाव’ असं म्हटलं नाही. आधी विचारलं, “फॅक्टर कधी काढलास?” कार्ल फिशरच्या रीएजंटचा एक मिलिलिटर किती मिलिग्रॅम पाणी खातो, तो फॅक्टर. तो काढायला सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट वापरतात, कारण त्यात पाणी ठरलेलं असतं, १५.६६ टक्के. तिने सकाळचा फॅक्टर वापरला होता. मॅडमनी फॅक्टर पुन्हा काढायला लावला, भांड्याचं झाकण, सिलिका जेलच्या नळ्या बघायला लावल्या. सिलिका गुलाबी पडली होती, म्हणजे ओल पिऊन तृप्त. ती बदलली, नवं सॅम्पल बंद बाटलीत आणलं, दोनदा लावलं. ०.५६ आणि ०.५७. माल खरंच ओला होता. ड्रायर आणखी दोन तास चालला, प्रॉडक्शनवाले रागावले, आणि मॅडमनी रजिस्टरमध्ये पहिलं ०.५८ सुद्धा खोडू दिलं नाही.

मला हा प्रसंग मोलाचा वाटतो. आकडा बदलण्याआधी तो कुठून आला हे शोधायचं, आणि आकडा खरा निघाला तर त्याच्यासोबत उभं राहायचं, हे त्या मुलीला एका संध्याकाळी कळलं. तीन १०.२ वाल्या जर्नलने तिला बरोबर उलटं शिकवलं होतं. पण मॅडमच्या जागी ‘परत लाव, पास होईपर्यंत लाव’ म्हणणारा सीनियर असता, तर कारखान्यानेही तिला तेच शिकवलं असतं, वर पगारी. असे सीनियर आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. कायदा स्टायपेंड ठरवतो, तास ठरवतो, शिकाऊंचं प्रमाण ठरवतो. बाकावर शेजारी कोण उभं राहणार हे ठरवत नाही. अप्रेंटिसशिपचं सोनं होतं की माती, ते बहुतेक तिथे ठरतं.

वासाचंही तसंच. आमच्या पिढीने कॉलेजात किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड सोडून मिश्रणातले धातू ओळखले. सडक्या अंड्यांचा वास कपड्यांना यायचा, घरी आई नाकाला पदर लावायची, आणि तो सगळा विनोदाचा विषय होता. कारखान्यात हाच वायू सांडपाण्याच्या टाकीत, गाळ साचलेल्या खड्ड्यात तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची जाणीव मरते, वास यायचा थांबतो. जव्हारच्या पोराला ईटीपीच्या ऑपरेटर काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं वाक्य असं: “वास येतोय तोवर शिव्या दे. वास यायचा बंद झाला की पळ.” पुस्तकात हे ‘घ्राणसंवेदना बधिर होणे’ म्हणून एका ओळीत आहे. परीक्षेत ती ओळ कुणी विचारत नाही.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर कायद्याकडे वळू. १९६१ हे साल इथे दोनदा येतं. त्या वर्षी संसदेने शिकाऊ उमेदवार अधिनियम केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने औद्योगिक विकास कायदा केला, ज्यातून १९६२ मध्ये एमआयडीसी जन्माला आली. एकाने कारखान्यांना जमीन दिली, दुसऱ्याने त्यांना शिकाऊ दिले. शिकाऊ अधिनियमाचं अठरावं कलम सांगतं की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे; कामगार कायदे त्याला लागू नाहीत. मात्र चौदावं कलम त्याला आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या बाबतीत कारखान्यातल्या कामगाराच्या रांगेत बसवतं, आणि सोळावं कलम इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतं. थोडक्यात, पगारवाढ मागताना तू विद्यार्थी, आणि ॲसिड अंगावर उडालं तर तू कामगार. ही विभागणी साठ वर्षांपूर्वी फार वाईट नव्हती, असं माझं मत आहे. तेव्हा शिकाऊला शिकवायला मोठे कारखाने होते. रसायनीचा हिंदुस्तान ऑरगॅनिक, ट्रॉम्बेचा खताचा कारखाना, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले पेट्रोकेमिकल प्रकल्प. असल्या कारखान्यांना स्वतंत्र प्रशिक्षण विभाग परवडे. आता रसायनीतलं हिंदुस्तान ऑरगॅनिकचं युनिट बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्येच घेतला, आणि शिकाऊंचा मोठा भार तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ इथल्या लहान-मध्यम कारखान्यांवर आहे. तिथे शिकवणारा माणूस तोच, जो तीन बॅचेस सोडवतोय.

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, माणसं गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा बातमीच्या दुसऱ्या दिवशी बोईसरच्या शेअर रिक्षात कारखान्यांचीच चर्चा असते आणि शिकाऊ पोरांच्या घरून फोन येतात. नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत शिकाऊला कामावर ठेवायला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची पूर्वपरवानगी लागते. नोंदणीकृत शिकाऊंच्या बाबतीत हे पाळलं जाताना मी पाहिलं आहे. ‘ट्रेनी’ नाव दिलेल्यांना हे कवच नाही, कारण कागदावर ते शिकाऊच नाहीत. नाईट करून सकाळी आठच्या लेक्चरला आलेला मुलगा तिसऱ्या बाकावर झोपलेला दिसला तर प्राध्यापकांनी त्याला उठवण्याआधी हातांकडे बघावं. बोटं पिवळी असतील तर नायट्रिक.

पैशाचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बारावी झालेल्या शिकाऊला महिना किमान ७,००० आणि पदवीधराला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरला. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. बोईसरला चौघांत एक खोली, डब्याचे पैसे, डहाणू लोकलचा पास, विद्यापीठाची फी हे सगळं ७,००० मध्ये बसवायचं तर मावशीच लागते. ज्याला मावशी नाही तो ओव्हरटाइम शोधतो, आणि शिकाऊला ओव्हरटाइम परवानगीशिवाय नाही. मग तो करार सोडून कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागतो, कारण तिथे हातात जास्त येतात. एका एचआरवाल्याने मला हे फार सहजपणे सांगितलं: “शिकणाऱ्यापेक्षा उचलणाऱ्याला आम्ही जास्त देतो, काय करणार?”

इंग्लंडमध्ये २०१५ पासून पदवी देणारी अप्रेंटिसशिप आहे, त्यात प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाचाही मार्ग आहे. तिथला शिकाऊ कायद्याने नोकर असतो, त्याला पगार मिळतो, विद्यापीठाची फी त्याच्या खिशातून जात नाही आणि कामाच्या तासांतलाच ठरावीक वेळ अभ्यासासाठी राखून ठेवावा लागतो. आपल्याकडे ड्रॉवरमधल्या पुस्तकाला जी जागा आहे, ती तिथे वेळापत्रकात आहे. या एका गोष्टीचा मला हेवा वाटतो.

आपल्याकडेही हालचाल सुरू आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातल्या एमएस्सीत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये अप्रेंटिसशिप अंतर्भूत असलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं कारखान्यात घालवता येतील आणि त्यांचे क्रेडिट पदवीत धरले जातील. कागदावर हीच ती गोष्ट, जी जव्हारचा मुलगा मागत होता. मला भीती दोन आहेत. १२० तासांच्या ट्रेनिंगसाठी सध्या जे चालतं ते कारखान्यांच्या गेटवर जाऊन पाहावं: पालकांची ओळख, सही-शिक्क्याचं पत्र, आणि मुलगा घरी. तीन खोट्या १०.२ ची ही मोठी बहीण. दुसरी भीती उलट टोकाची. सत्रभर स्वस्तात मिळणारी शिकलेली मुलं सॅम्पल गोळा करायला आणि काचसामान धुवायला लागली, तर त्याला क्रेडिट द्यायचं कशाचं? काचसामान धुणं हेही शिकणं आहे, हे मी मान्य करतो. पहिले पंधरा दिवस. सहा महिने नव्हे.

उपाय अवघड नाही असं मला वाटतं, पण तो कुलगुरूंच्या पातळीवर नाही, परीक्षकाच्या पातळीवर आहे. त्या टीवायच्या मुलीची व्हायवा झाली तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) किती दिवसांचा? ती म्हणाली, तीन दिवस, सत्तावीस अंशांना. बहुतेक पाठ्यपुस्तकांत पाच दिवस, वीस अंश आहे. पाच दिवसांचं माप ब्रिटिशांचं, तिकडच्या नद्या आणि तिकडचा उन्हाळा धरून ठरलेलं. आपल्या हवेत सूक्ष्मजीव भराभर काम उरकतात, म्हणून आपल्या प्रदूषण नियंत्रणाच्या मानकांत तीन दिवस आणि २७ अंश आहेत. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत ठेवावा लागतो. परीक्षक क्षणभर थांबले, मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “कुठे काम करतेस?” पुढची दहा मिनिटं प्रश्न कारखान्यावरचे होते. ब्लँक का लावतेस, क्लोराइड जास्त असेल तर काय करतेस, लॅबमधला पाऱ्याचा कचरा जातो कुठे. शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात जाऊन तोच प्रश्न विचारला, आणि मॅडमनी तिला वेगळा ठेवलेला कॅन दाखवला, वर लेबल, तारीख, आणि तो घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवल्याची पावती.

असे परीक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जव्हारच्या मुलाच्या वाट्याला ते आलेले नाहीत. त्याला या वर्षीही प्रॅक्टिकलच्या शिबिराला जायचं आहे, रजा शिल्लक आहे नऊ दिवस. दहावा दिवस बिनपगारी पडेल, त्याचं त्याला फारसं वाटत नाही. त्याला घोर आहे तो पुढचा. एका सरकारी कंपनीच्या ज्युनियर केमिस्टच्या जाहिरातीत त्याने पात्रता वाचली: बीएस्सी रसायनशास्त्र आणि प्रयोगशाळेतला दोन वर्षांचा अनुभव. खाली तळटीप होती, की शिकाऊ उमेदवारीचा काळ अनुभव म्हणून धरला जाणार नाही. त्याने मोबाइलवर ती तळटीप मला मोठी करून दाखवली आणि विचारलं, “मग सर, सकाळपासून मी करतोय ते काय?” तेवढ्यात डायजेस्टरचा टायमर वाजला. तो ब्यूरेट भरायला उठला.